कथेवरून लघुपट : आधी पटकथा की आधी मोबाइल?

नववीच्या मुलांना कथेवरून लघुपट करायला शिकवायचं ठरलं, की पहिला पेच पडतो : आधी कागदावर पटकथा लिहून घ्यायची, की थेट मोबाइल हातात द्यायचा? दिवाळीची सुट्टी संपल्यापासून स्नेहसंमेलनापर्यंत जेमतेम महिना-दीड महिना मिळतो, तोही तासिकांच्या फटीफटीत. दोन्ही करून बघू म्हणायला वाव नसतो.

कागदापासून सुरुवात केली तर कथा नीट वाचली जाते. कुठलं पात्र ठेवायचं, कुठलं गाळायचं, गोष्ट नेमकी कुठून उचलायची यावरून वर्गात भांडणं होतात, आणि मराठीच्या शिक्षकाला याहून चांगला तास मिळायचा नाही. लांबीचा अंदाजही आधीच येतो. नेहमीच्या मांडणीत पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. मुलांनी १२ पानं आणली तर ‘सात पानं काढून टाका’ म्हणता येतं. चित्रीकरण झाल्यावर तेच सांगितलं तर रडारड होते.

पण आपली मुलं गॅदरिंगच्या नाटकांवर वाढलेली. कागद दिसला की ती संवादच लिहितात. समजा कथेत वाक्य आहे, ‘बाग विकल्यापासून आजोबांना करमेनासं झालं होतं.’ पटकथेत हमखास येणार : आजोबा (खिन्नपणे) : ‘बाग विकली हे चुकलंच रे माझं!’ नाहीतर त्याहून सोपी पळवाट, मागून निवेदकाचा आवाज.

तेच वाक्य मोबाइलसकट एका गटाला द्या आणि अट घाला : आजोबांनी तोंड उघडायचं नाही, तीन शॉटमध्ये दाखवा. आधी नुसता गोंधळ होईल. मग नाशिकजवळच्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतलं एखादं पोर म्हणेल, ‘सर, छाटणीचे दिवस आहेत ना, मग आजोबा कात्री काढतील.’ झालं, काम सुरू. पहिला शॉट : खुंटीवरची छाटणीची कात्री आणि तिच्याकडे जाणारा हात. दुसरा : कात्रीला तेल घालून उघडझाप करून बघणं. तिसरा : आजोबा उंबऱ्यापर्यंत जातात, थबकतात, कात्री परत खुंटीला. ‘करमेनासं’चा अर्थ त्या मुलांना पुन्हा विचारायची गरज उरत नाही. कथेतल्या मनातल्या गोष्टी डोळ्यांना दिसतील अशा करायच्या, हीच रूपांतराची खरी मेख, आणि ती कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यावर लवकर कळते.

यात नाशिकला नवं काही नाही म्हणा. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी रोपट्याची वाढ कॅमेऱ्यात थोडी थोडी टिपली आणि ती चिमुकली फिल्म दाखवून भांडवल देणाऱ्याला पटवलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकावर सहल न्याल तेव्हा पुतळ्यासमोर फोटो काढण्याआधी एवढं जरूर सांगा.

मोबाइलचे तोटेही कमी नाहीत. ज्याचा फोन तोच दिग्दर्शक होतो, बाकीचे दप्तरं सांभाळतात. रीलची सवय असल्याने प्रत्येक चालणं स्लो मोशनमध्ये, प्रत्येक दुःखाला गाणं. गॅलरीत ढीगभर क्लिपा साठतात आणि कुठली कशासाठी काढली ते कुणालाच आठवत नाही. मूळ कथा तोवर कुठल्या कुठे गेलेली असते. कागदाच्या वाटेवर मात्र अक्षर चांगलं असलेल्या एकाच मुलीवर सगळं लिखाण पडतं. कामाची वाटणी शिक्षकालाच करावी लागते, दोन्हीकडे.

आवाजाचा मार कागदवाल्या गटाला जास्त बसतो, कारण त्यांचा सगळा जीव संवादात. रामकुंडावर शूटिंग करायची मुलांना भारी हौस. पण तिथल्या घंटा, भोंगे आणि गर्दीत मोबाइलचा माइक पात्राचं बोलणं पकडत नाही. शाळेचा रिकामा वर्ग किंवा कुणाच्या घराची ओसरी बरी.

माझा कल स्पष्ट आहे. वेळ महिनाभराचा असेल तर मोबाइल आधी : एक प्रसंग, तीन शॉट, संवाद शून्य. ते वर्गात सगळ्यांनी पाहिल्यावर मगच कागद, आणि तोही शॉटची यादी लिहिण्यापुरता. पूर्ण सत्र हाताशी असेल आणि मुलांचं वाचन कच्चं असेल, तर पटकथेपासून सुरू करा, मात्र पहिल्या खर्ड्यात संवादांना बंदी घाला. दहावीला यातलं काहीच नको, पालक ऐकणार नाहीत.

कथा निवडताना पात्रं तीन-चार, जागा एक-दोन आणि शक्यतो मुलांच्याच वयाचा नायक बघा. केसांना पावडर फासलेला चौदा वर्षांचा आजोबा पडद्यावर आला की हशा ठरलेला. आजोबा हवेतच, तर कुणाचे तरी खरे आजोबा बोलवा. ते आनंदाने येतात.

हक्कांचं आधीच बघून ठेवा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. शाळेत पालकांसमोर दाखवणं निराळं आणि यूट्यूबवर टाकणं निराळं. टाकायचंच असेल तर हक्क असलेल्या लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या, आणि पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांचीही.