एसीसाठी सर्ज प्रोटेक्टर: दोन पावसाळ्यांनंतर

आमच्याकडे एसी एकच, मामंजींच्या खोलीत. वय 84, त्यात दमा. रत्नागिरीचा मे महिना त्यांना एसीशिवाय सोसत नाही.

दोन वर्षांपूर्वी मेअखेरीस वळीव आला आणि जवळच कुठेतरी वीज पडली. कानठळ्या बसल्या. एसी रिमोटने बंद केलेला होता, स्टॅबिलायझरही होता, तरी पीसीबी, म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, जळाला. मेकॅनिकने तो उघडून हातात दिला. त्यावरचा निळा, चकतीसारखा भाग फुटून काळा पडलेला, भोवती काजळी. 6,800 रुपये गेले ते गेलेच, पण पार्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ रात्री मामंजींनी पडवीत आरामखुर्चीवर बसून काढल्या. मला तेच जास्त लागलं.

रिमोटने बंद केलेला एसी लाईनला जोडलेलाच असतो, हे मला तेव्हा कळलं. स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज सांभाळतो. विजेचा झटका इतक्या कमी वेळात येऊन जातो की तिथे त्याचं काही चालत नाही.

मग वायरमनने डीबीत, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत, टाइप 2 चा (अशा पेटीत बसवायच्या प्रकारचा) सर्ज प्रोटेक्टर बसवला. तो असा झटका अर्थिंगकडे वळवतो. वस्तू 2,900 रुपयांची. पण त्याने आधी अर्थिंग मोजलं, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण झटका जमिनीत उतरवायचा तर वाट अर्थिंगचीच. आमची जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी. रीडिंग 14 ओहम आलं; हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. विहिरीजवळच्या ओलीत नवा पाइप गाडल्यावर ते 4 वर आलं. एसीला डबल पोल एमसीबीही लावून घेतला, म्हणजे खटका पाडला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात.

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात रात्रभर गडगडाट होता. सकाळी पाहिलं तर प्रोटेक्टरची हिरवी खिडकी लाल झालेली. त्याचं कार्ट्रिज, म्हणजे झटका झेलणारा आतला भाग, संपलं होतं, एसी मात्र शाबूत. कार्ट्रिज ओढून नवं बसवता येतं, हे मला फार आवडलं. तक्रार एकच: लाल झाल्याचं कळायला डीबी उघडून बघावं लागतं. आवाजाची काही सोय हवी होती.

घरावरच वीज पडली तर हा प्रोटेक्टरही पुरणार नाही. म्हणून मोबाइलवर ‘दामिनी’ ठेवलंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं हे ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजेची सूचना देतं. सूचना आली की गडगडाट डोक्यावर यायच्या आत मी खटका पाडते. आता मामंजीच हाक मारतात, “सूनबाई, खटका पाडलास ना गो?” लाईट आली तरी दहा मिनिटं एसी लावत नाही, व्होल्टेज स्थिर होऊ दे आणि कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाबही बसू दे.

सोसाट्याच्या वाऱ्याचं भय वेगळं. 2021 च्या तौक्ते वादळात आउटडोअर युनिटचा स्टँड गंजलेल्या बोल्टांवर हलत होता, ते दृश्य मी विसरलेले नाही. आता बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत. युनिटला प्लॅस्टिक मात्र गुंडाळू नका. ते पावसात चालण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि गुंडाळून चालवलं तर हवा कोंडून कॉम्प्रेसर तापतो.

दुकानदाराला एक जादा कार्ट्रिज मागवायला सांगितलंय. वळवाच्या आधी ते घरात यायला हवं.