एक्सप्लोजन्स इन द स्काय ऐकायला घेताय? आधी २००३ चा अल्बम की २०१६ चा

इन्स्ट्रुमेंटल रॉक कधीच ऐकलं नाही, कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की मी आधी एक्सप्लोजन्स इन द स्काय या बँडचं नाव सांगते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, की यांचं नेमकं काय ऐकू, आणि तो बरोबरच आहे कारण १९९९ पासून टेक्सासातल्या ऑस्टिनमधे तेच चौघं वाजवतायत, एकही माणूस बदलला नाही पण आवाज मात्र भरपूर बदललाय. माझ्या मते निवड दोनातच करायची, २००३ चा ‘द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस’ किंवा २०१६ चा ‘द विल्डरनेस’. दोन्ही साधारण पाऊण तासाचे. पण पहिल्यात पाचच ट्रॅक आणि दुसऱ्यात नऊ, आणि खरा फरक तिथूनच सुरू होतो.

२००३ चा अल्बम म्हणजे मुख्यतः तीन गिटार आणि ड्रम्स, बस. गाणारं कोणी नाही. ‘फर्स्ट ब्रेथ आफ्टर कोमा’ सुरू होतो तेव्हा गिटारवर एकच सूर परत परत वाजतोय आणि खाली बास ड्रम छातीतल्या ठोक्यासारखा, मग दुसरी गिटार येते, मग तिसरी, आणि साडेनऊ मिनिटांत ते सगळं कुठच्या कुठे जातं. बडा ख्याल ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे अजिबात परकं वाटू नये, तिथेही आपण बंदिशीच्या शब्दांसाठी थोडीच बसतो, बढत ऐकायला बसतो. फक्त तिथे लय चढत जाते आणि इथे जास्त करून आवाज चढतो, अगदी कुजबुजीपासून ते भिंत अंगावर यावी इतका. ‘दी ओन्ली मोमेंट वी वेअर अलोन’ची शेवटची दोन मिनिटं मी आजही दुसरं काही करत असताना ऐकू शकत नाही, हातातलं काम थांबतं. आणि शेवटचा ‘युअर हँड इन माइन’, त्यात गिटारी एकमेकींशी इतक्या हळू बोलतात की शब्द असते तर बिघडलं असतं.

हाच ट्रॅक ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या २००४ च्या सिनेमात आला. पश्चिम टेक्सासातल्या ओडेसा गावच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमची गोष्ट, आणि बँडमधले तिघं शेजारच्याच मिडलंडचे, त्यामुळे ते माळरान, ते रिकामं आकाश त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. (नंतरच्या टीव्ही मालिकेचं शीर्षक संगीत पण यांचंच असं खूप जणांना वाटतं, ते यांचं नाही, त्याच धाटणीचं आहे.) झालं काय की पुढे ही धाटणी सिनेमात, जाहिरातीत सगळीकडे पसरली, म्हणून आज पहिल्यांदा ऐकताना ‘हे कुठेतरी ऐकलंय’ असं वाटू शकतं. त्यात या अल्बमचा काहीच दोष नाही पण निवडताना माहीत असलेलं बरं.

बँडलाही हळू सुरुवात आणि मग स्फोट या रचनेतून बाहेर पडायचं असावं असं मला वाटतं. २००७ च्या अल्बममधे पियानो पुढे आला, मग २०११ चा एक अल्बम, मग संगीतकार डेव्हिड विंगोबरोबर ‘प्रिन्स अॅव्हलांच’ या सिनेमाचं पार्श्वसंगीत, आणि मग ‘द विल्डरनेस’. यात सिंथ (सिंथेसायझर) आहेत, पियानो आहे, ड्रम्सचा आवाज मुद्दाम तोडलामोडलाय, आणि बरेचसे ट्रॅक चार-पाच मिनिटांत संपतात. ‘डिसइंटिग्रेशन अँग्झायटी’ खरखरत सुरू होतो आणि मग सरळ पळत सुटतो, ‘लूजिंग द लाइट’मधे तर नुसतं धुकं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नाराज झाले होते, आता उघडेल आता उघडेल म्हणून वाट बघायची आणि ट्रॅक संपायचा. दोनेक आठवड्यांनी लक्षात आलं की मी जुन्या अल्बमची वाट बघत ऐकत होते. ते सोडलं तेव्हा कळलं की इथे कधी भरून यायचं ते संगीत सांगत नाही, ते तुमच्यावर सोडलंय, आणि हे मला जास्त धाडसाचं वाटतं.

मग घ्यायचा कुठला? गिटार आवडत असेल आणि हा प्रकार अगदी नवीन असेल तर २००३ चाच, पण रात्री, हेडफोन लावून, सलग. ठाणे ते दादर फास्ट लोकलमधे पहिले तीन ट्रॅक वेळेत बसतात खरे पण हळू भाग गाडीच्या आवाजात पूर्ण बुडतात आणि मग नुसता गोंगाटच हाती लागतो, असं ऐकून ‘बोअर आहे’ म्हणू नका प्लीज. इलेक्ट्रॉनिक किंवा अँबियंट (म्हणजे नुसतं वातावरण तयार करणारं संथ संगीत) आधीपासून ऐकत असाल, किंवा चढत चढत जाणाऱ्या गिटारींचा कंटाळा आला असेल, तर ‘द विल्डरनेस’, आणि तो तुकड्यातुकड्यांनी ऐकला तरी चालतो.

२०२३ चा ‘एंड’ या दोन्हीनंतर ठेवा. नावावरून बँड संपला असं समजू नका, सात ट्रॅक आहेत, जुन्या मोठ्या गिटारी परत आल्यात पण ‘विल्डरनेस’मधे शिकलेलं सोबत घेऊन, आणि ते परत येणं किती मोठं आहे हे आधीचे दोन्ही ऐकल्याशिवाय नाही कळत.