नॅशनल लिबरल क्लब, लंडन: जेवायला जा, पण आधी भिंती बघा

व्हाइटहॉल प्लेसवरचा हा क्लब खासगी आहे, पाहुण्यांना सभासदासोबतच आत जाता येतं. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीतून मला जेवायला जायची संधी मिळाली. जेवण चांगलं होतं, वाढणारी मंडळीही अगत्याची. पण लिहावंसं वाटतंय ते इमारतीबद्दल.

आत पाऊल टाकलं की खांबांपासून भिंतींपर्यंत सगळीकडे झिलईच्या टाइल्स दिसतात, हिरव्या, तपकिरी, पिवळसर. जेवणघरातल्या एका खांबाला मी हात लावून पाहिला. गार, गुळगुळीत, आणि नक्षीच्या खाचांमध्ये रंग गडद होत गेलेला. नॅचरल हिस्ट्री म्युझियम बांधणाऱ्या आल्फ्रेड वॉटरहाउसचं हे काम. १८८७ साली क्लब इथे आला तेव्हा लंडनच्या हवेत कोळशाची काजळी असायची. तिने दगड काळा पडतो. टाइल पुसली की पुन्हा लख्ख. सजावटीमागे इतका व्यवहारी विचार आहे हे कळल्यावर मला ती जास्तच आवडली.

क्लब १८८२चा, इमारतीची पायाभरणी १८८४ साली तेव्हाचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या हस्ते झाली. उमरावी क्लबांच्या मानाने वर्गणी कमी ठेवली होती, लिबरल पक्षाच्या सामान्य कार्यकर्त्यालाही परवडावी म्हणून. दादाभाई नौरोजी इथले सभासद होते. १८९२मध्ये ते फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर निवडून गेले. या दालनांमध्ये त्यांचीही ऊठबस होती, या विचाराने मी बराच वेळ टेबलावरून उठलेच नाही. बायकांना पूर्ण सभासदत्व मिळायला मात्र १९७६ उजाडलं, आणि तरीही लंडनच्या मोठ्या क्लबांमध्ये हाच पहिला!

जिना चुकवू नका. मूळचा जिना मे १९४१च्या बॉम्बहल्ल्यात गेला, आत्ताचा संगमरवरी जिना युद्धानंतरचा. तळाशी उभं राहून वर बघा, त्याचं वळण तिथूनच नीट कळतं.

एका गोष्टीची खंत वाटते. आर्थिक ओढाताणीत इथला ग्रंथसंग्रह ब्रिस्टल विद्यापीठाला विकला गेला. वरचे मजलेही गेले, तिथे आता हॉटेल आहे. खोल्या गेल्याचं मला तितकंसं वाटत नाही, पण पुस्तकं इथेच राहायला हवी होती.

हवा स्वच्छ असेल तर जेवणानंतर गच्चीत बसा, थेम्स दिसते. आणि आत नेणारं कुणी नसेल तर व्हाइटहॉल गार्डन्समधून इमारतीची नदीकडची बाजू तरी बघून या.