बडोद्याचं गोल्फ + हेरिटेज पॅकेज: गोल्फ मस्त, हेरिटेजची मात्र घाई

ताई आणि जिजाजी पुण्याहून आले होते, जिजाजींना गोल्फचं भयंकर वेड, ताईला वाडे, देवळं, म्युझियम असलं सगळं बघायचं असतं, म्हणून इथल्याच एका ट्रॅव्हलवाल्याकडून दोन दिवसांचं पॅकेज घेतलं आणि मी पण बरोबर गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण माणसं वाईट नव्हती, प्लॅन करणाऱ्याला बडोदं नीट माहीत नव्हतं एवढंच. पाचपैकी तीन स्टार.

आधी चांगलं सांगते. बडोद्यात या दोन गोष्टी जोडायला फारशी धावपळ करावीच लागत नाही, कारण गोल्फ कोर्स लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातच आहे. १९३०च्या दशकात प्रतापसिंह महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी तो करून घेतला आणि १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी (ते स्वतः रणजी खेळलेत) तो नीट करून बाहेरच्या लोकांसाठी पण खुला केला. आम्हाला सकाळी लवकरचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळवून दिला होता, कॅडी (काठ्यांची बॅग उचलणारा मदतनीस) वगैरे सगळं वेळेवर, त्यासाठी ट्रॅव्हलवाल्याला पूर्ण मार्क. थंडीचे दिवस, गवतावर दव, पट केलेला म्हणजे हळूच ढकललेला बॉल ग्रीनवरून (खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून) गेला की मागे त्याची ओली रेघ दिसत राहते. मधेच मोर फेअरवेवर (खेळायच्या मोकळ्या पट्ट्यावर) आले, सगळे हातातल्या काठ्या खाली करून उभे राहिले, मोरांना काही घाई नव्हती आणि आम्हालाही नव्हती. झाडांच्या वर पॅलेसचा मनोरा दिसत राहतो. जिजाजी एरवी खेळताना कुणाशी बोलत नाहीत, इथे दर थोड्या वेळाने थांबून "हे कुणी बांधलं, कधी बांधलं" विचारत होते.

आणि नेमकं हे सांगायला बरोबरचा गाइड कमी पडला. "बहोत पुराना महल है" यापलीकडे गाडी जाईना. अहो, १८७८ साली काम सुरू झालं, मेजर मँटने आराखडा केला, तो १८८१ मधे वारला मग चिझमने पुढे नेलं आणि १८९० मधे सयाजीराव महाराजांचा हा राजवाडा पुरा झाला, एवढं तरी पाठ हवं की नाही? हे महाराज म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा, १८७५ मधे दत्तक येऊन गादीवर बसले, ही गोष्ट पुण्याच्या पाहुण्यांना सांगायची नाही तर कुणाला सांगायची. याच आवारात नवलखी वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, १४०५ सालची, म्हणजे राजवाड्याच्या किती आधीची, तिचं तर नावही निघालं नाही. शेवटी पॅलेसमधे ऑडिओ गाइड मिळतो तो कानाला लावला तेव्हा कुठे दरबार हॉलच्या रंगीत काचा आणि मोझेकची फरशी नीट बघून झाली.

खरा राग आला तो महाराजा फतेहसिंह म्युझियमला. तेही त्याच आवारात, चालत जाण्यासारखं, आणि आम्हाला वेळ दिला पाऊण तास! राजा रविवर्म्याला सयाजीराव महाराजांनी १८८८ मधे १४ पौराणिक चित्रांचं काम दिलं होतं, रविवर्म्याची इतकी मूळ चित्रं एका जागी सहसा बघायला मिळत नाहीत. आपण लहानपणापासून कॅलेंडरवर बघितलेल्या बायका इथे खऱ्या तैलरंगात समोर असतात, साडीच्या जरीवर उजेड कसा पाडलाय ते जवळ जाऊन बघावं लागतं, ताई त्यातल्या 'कंसमाया' चित्रासमोर उभी होती आणि गाइड दारातून घड्याळ दाखवतोय. का, तर पुढे शॉपिंग होतं. बांधणी आणि फरसाण आम्ही कधीही घेऊ हो.

त्या शॉपिंगपायी कीर्ती मंदिर आणि तांबेकर वाडा दोन्ही उडवले. मी भांडून दुसऱ्या दिवशी परत घालायला लावले. कीर्ती मंदिर म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, १९३६चं, आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं, गंगावतरण, मीराबाई, महाभारताचं युद्ध. तिथून तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा लाकडी वाडा, बाहेरून बघाल तर गर्दीतलं एक जुनं घर, आत खोलीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णलीला आहे, महाभारत आहे आणि मराठे-इंग्रजांची लढाई पण आहे. मला विचाराल तर मराठी माणसाने बडोद्यात येऊन हा वाडा न बघता जाणं बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चांपानेर-पावागढ होतं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, बडोद्याहून साधारण ५० किलोमीटर. दुपारी निघून काय बघणार, जामी मशिदीचं कोरीव काम बघेपर्यंत उजेड गेला, वर कालिकामातेचं दर्शन राहिलंच. चांपानेरला सकाळी निघून पूर्ण दिवस द्यायला हवा, त्या दिवशी गोल्फ ठेवूच नये.

जेवणाचं काय, हॉटेलात बुफे होता, ठीक. आम्ही संध्याकाळी बाहेर पडून सेव उसळ खाल्ली, जिजाजींनी वरून तरी मागून घेतली.

तुम्ही घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी तासांसकट प्लॅन लिहून मागा, शॉपिंग काढून टाका, गोल्फ सकाळी आणि त्याच दिवशी पॅलेस आणि म्युझियम सावकाश, असं ठरवून घ्या. पॅलेस सोमवारी बंद असतो तेही बघा. कोर्सवर बाहेरच्यांना कधी खेळता येतं ते आधी फोन करून विचारा. उन्हाळ्यात येऊ नका, एप्रिल-मे मधे इथे सकाळी नऊलाच मैदानात उभं राहवत नाही. ताई-जिजाजी पुढच्या थंडीत परत येणारेत, तेव्हा पॅकेज नाही घेणार, टी टाइमचं बुकिंग मीच करून ठेवणारे आणि चांपानेरला वेगळी गाडी.