डायरवुल्फ: पॅकेट नेमकं कुठे अडलं ते दाखवणारं डिजिपीटर सॉफ्टवेअर

ट्रेकला जाणाऱ्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींची एक तक्रार ठरलेली: डोंगराआड गेलं की माणूस एपीआरएसच्या, म्हणजे रेडिओवरून आपलं ठिकाण कळवणाऱ्या यंत्रणेच्या, नकाशावरून गायब. उंचावर डिजिपीटर, म्हणजे ऐकलेलं पॅकेट (माहितीचा छोटा संदेश) पुन्हा हवेत सोडणारं स्टेशन, असला की हा प्रश्न बराचसा सुटतो. माझा डिजी गच्चीतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डायरवुल्फने चालतो. सॉफ्टवेअर फुकट, ओपन सोर्स. वेगळा टीएनसी (रेडिओच्या आवाजातून पॅकेट काढणारी पेटी) लागत नाही. १२०० आणि २२०० हर्ट्‌झच्या सुरांतून पॅकेट काढायचं काम साउंडकार्ड आणि हे सॉफ्टवेअर मिळून करतात.

मला ते मनापासून आवडतं ते बिघाड शोधताना. पॅकेट ऐकू येतंय पण पुढे जात नाही, अशा वेळी सरळ स्क्रीन बघायची. आलेल्या प्रत्येक पॅकेटच्या वर ऑडिओ लेव्हलचा आकडा असतो. तो ५० च्या आसपास हवा. डिजीने पुढे पाठवलेलं पॅकेट '०एच' खुणेने दिसतं, स्वतःचा बीकन (आपणहून पाठवलेलं पॅकेट) '०एल' ने. '०एच' ची ओळच आली नाही, तर घोळ नियमांत आहे: कॉन्फिग फाइलमधल्या 'डिजिपीट' ओळीपुढचं, ती ओळ बंद ठेवणारं हॅश (#) तसंच राहिलंय, किंवा ट्रॅकरचा (ठिकाण पाठवणाऱ्या यंत्राचा) पाथ, म्हणजे पॅकेट कुठल्या डिजींनी पुढे न्यावं ही सूचना, त्या ओळीत बसत नाही. ओळ आली पण हवेत कुणालाच काही मिळालं नाही, तर पीटीटी (सेटला प्रक्षेपणावर नेणारी कळ), ऑडिओ किंवा टीएक्स डिले (प्रक्षेपण सुरू झाल्यावर पॅकेट सोडण्याआधीची उसंत) तपासा. अर्धी शोधाशोध इथेच वाचते.

टेबलावर चाचणी घेताना मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. ट्रॅकर एका जागी ठेवून बीकनचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं, की पहिलं पॅकेट पुढे जातं आणि नंतरची गप्प. डिजी बंद पडलेला नसतो! तेच पॅकेट ३० सेकंदांत परत आलं तर डायरवुल्फ ते मुद्दाम सोडून देतं, नाहीतर एकच पॅकेट डिजींमध्ये फिरत राहून चॅनेल भरून जाईल. अर्धा मिनिट थांबा, मग दाबा.

स्वस्त हँडसेट जोडणार असाल तर बॅटरी सेव्हर बंद करा आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा ठेवा, नाहीतर पॅकेटची सुरुवातच कापली जाते. व्हॉक्सच्या, म्हणजे आवाज आला की आपोआप प्रक्षेपण सुरू करणाऱ्या सोयीच्या, नादी लागू नका. पॅकेट संपल्यावरही तो सेटचं प्रक्षेपण चालूच ठेवतो आणि तेवढ्यात आलेलं दुसऱ्याचं पॅकेट हुकतं. पीटीटीची वायर असलेलीच केबल घ्या.

उणीव सांगायची तर सेटिंगची खिडकी नाही, सगळं टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं. नवख्याला पहिल्या दिवशी जड जातं, पण सोबतची पुस्तिका सविस्तर आहे, ती वाचाच. नकाशाही नाही, त्यासाठी पोर्ट ८००१ वर याक किंवा झॅस्टिर हे नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर जोडता येतं. जोडलंत तर त्यातलं डिजिपीटिंग बंद ठेवा. दोन्हीकडे चालू राहिलं की एकाच गच्चीतून तेच पॅकेट दोनदा सुटतं.