‘सात दिवसांचं लायसन्स’ : जेमीटरच्या एका एररपायी गेलेले ४७,४६० रुपये

जेमीटर, म्हणजे एखादी साइट किती गर्दी झेपवते हे तपासायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. नव्या पोरांना हे मी स्वतः शिकवलंय. अपाची लायसन्स २.०, झिप उतरवा, उघडा, चालवा, कुणाला एक पैसा द्यायचा नाही. त्याच जेमीटरच्या ‘लायसन्स’साठी मी एका अनोळखी माणसाला एका रात्रीत चार वेळा पैसे पाठवले. १,५००, मग ११,८००, मग १४,१६०, मग २०,०००. बेरीज ४७,४६०. तीन रात्री मी तीच करतेय, ती काही बदलत नाही.

हसायचं तर हसा. घरच्यांचं हसून झालंय.

‘टेस्टर असून फसलीस?’ हे विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगते. काम माझं स्वतःचं होतं, कंपनीचं नाही. ६०,००० रुपयांचं लोड टेस्टिंग, सोमवारी सकाळी रिपोर्ट. घरी विंडोजचा लॅपटॉप, म्हणजे हुकूम देणारा कंट्रोलर, आणि क्लाउडवर भाड्यानं घेतलेली दोन उबुंटू मशीन, म्हणजे टेस्ट चालवणारे सर्व्हर. शुक्रवारी रात्री साडेअकराला समोर तीन एरर होते. क्लायंटची टेस्ट प्लॅन उघडेना : ‘कॅननॉट रिझॉल्व्ह क्लास’. प्लगइन्स मॅनेजर यादीच आणेना : ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’. आणि रिमोट स्टार्ट दाबलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट १२७.०.१.१’. टेलिग्रामवरच्या टेस्टरांच्या ग्रुपात मी स्क्रीनशॉट टाकला. सात मिनिटांत एकाचा खासगी मेसेज आला. ‘मॅम, एका तासात सॉल्व्ह. डायग्नोसिस फक्त पंधराशे.’ मग एनीडेस्क, म्हणजे आपली स्क्रीन दुसऱ्याच्या हातात देणारं ॲप. पुढचं तुम्हाला पाठ असेल, म्हणून ते गाळते आणि एरर सांगते. कारण हा माणूस एररच्या आडून पैसे काढतो, आणि एरर कळले तर त्याच्या हातात काही उरत नाही.

पहिला एरर. क्लास सापडत नाही म्हणजे टेस्ट प्लॅन ज्या मशीनवर बनली तिथं एक प्लगइन, म्हणजे वरून घातलेला जोडभाग, होतं आणि तुमच्याकडे ते नाही, एवढाच त्याचा अर्थ. एररच्या त्याच ओळीत क्लासचं पूर्ण नाव असतं. माझ्या ओळीत शेवटी ‘अल्टिमेट थ्रेड ग्रुप’ असं स्वच्छ लिहिलं होतं. तो येतो ‘कस्टम थ्रेड ग्रुप्स’ या फुकटच्या प्लगइनमधून. साहेबांनी त्याच ओळीवर कर्सर नेला आणि म्हणाले, ‘हा प्रीमियम क्लास आहे मॅम, लायसन्स मिसिंग आहे. दोन सर्व्हर, म्हणून दोन लायसन्स.’ एकाचे ५,९००, जीएसटी धरून. मला ते पटलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. प्लगइनची जार फाइल (जावा प्रोग्रॅमचं गाठोडं) नुसती लॅपटॉपवर टाकून भागत नाही, प्रत्येक सर्व्हरच्या लिब फोल्डरातल्या ईएक्सटी फोल्डरात तीच जार, त्याच आवृत्तीची, ठेवावी लागते. मशीनमागे फाइल लागते हे मला माहीत होतं, म्हणून मशीनमागे पैसेही लागत असतील असं वाटून गेलं. फसवणारे असे अर्ध्या खऱ्यावर उभे असतात.

प्लगइन्स मॅनेजर का चालत नव्हता? मी क्लायंटच्या व्हीपीएनवर होते. तिथली फायरवॉल एचटीटीपीएस मध्येच उघडून तपासते आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करते. ब्राउझरला ते ओळखीचं असतं, जेमीटर ज्यावर चालतो त्या जावाला नसतं. व्हीपीएन बंद केलं की काम झालं. बंद करता येत नसेल तर ते सर्टिफिकेट जावासोबतच येणाऱ्या कीटूलने ‘केसर्ट्स’ या जावाच्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये घालायचं. आणि ऑफिसात नुसता प्रॉक्सी असेल तर जेमीटर सुरू करताना ‘मायनस एच’ला प्रॉक्सीचा पत्ता आणि ‘मायनस पी’ला पोर्ट, दोन्ही अक्षरं कॅपिटल. दहा मिनिटांचं काम. या माणसानं ते केलं नाही. त्यानं स्वतःच्या ड्राइव्हवरून चार जार उतरवल्या. अनोळखी माणसाची जार ईएक्सटी फोल्डरात ठेवणं म्हणजे त्याचा प्रोग्रॅम आपल्या हातानं आपल्या मशीनवर चालवणं. जेमीटर उघडताना त्या फोल्डरातलं सगळं लोड होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि रात्री पाऊण वाजता आठवणं यांत फरक आहे.

ईमेलवर बिलही आलं. जीएसटीचा नंबर सगळीकडे पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. बिलावर चौदाच अक्षरं होती. दिवसभर मी लोकांच्या फॉर्ममधल्या चौकटींत एक अक्षर कमी, एक अक्षर जास्त घालून बघते, त्याच कामाचे पैसे घेते. हे मोजलं नाही. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. आणि यूपीआयवर पैसे जाताना वर नाव आलं ते कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं. ‘आमचं पेमेंट पार्टनर आहे मॅम.’ बरं.

आता तो क्षण. हा लिहिताना अजून कान गरम होतात.

त्यानं जेमीटरच्या बिन फोल्डरातली ‘क्रिएट आरएमआय कीस्टोअर’ ही बॅच फाइल चालवली. (आरएमआय म्हणजे कंट्रोलर आणि सर्व्हर यांची आपसात बोलायची पद्धत, कीस्टोअर म्हणजे किल्ल्यांची फाइल.) काळी खिडकी उघडली. पहिला प्रश्न आला, तुमचं नाव आणि आडनाव काय. त्यानं उत्तर टाइप केलं, ‘आरएमआय’. माणसाचं नाव आरएमआय! मी त्याला विचारलंसुद्धा नाही. पुढच्या पाच प्रश्नांना नुसतं एंटर, मग ‘येस’. शेवटी एक ओळ उमटली, त्यात ‘व्हॅलिडिटी ऑफ ७ डेज’ असं होतं. त्यानं कर्सरनं ती ओळ निळी केली. ‘बघा मॅम, ट्रायल लायसन्स आहे. सात दिवसांनी सर्व्हर बंद. परमनंट करायचं तर बारा हजार प्लस जीएसटी.’ आणि मी १४,१६० पाठवले. स्क्रीनवर लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं ना!

ती ओळ लायसन्सची नव्हतीच. जेमीटर ४.० पासून, म्हणजे २०१८ पासून, कंट्रोलर आणि सर्व्हर एकमेकांशी एसएसएलमधून, म्हणजे कुलूपबंद, बोलतात. त्याआधी आरएमआयचं ते दार उघडंच असायचं, कुणीही बाहेरून कोड धाडू शकायचं, त्या त्रुटीची सुरक्षेच्या जाहीर यादीत सीव्हीई २०१८-१२९७ अशी नोंद झाली. म्हणून आता एक किल्ल्यांची फाइल आपणच बनवायची आणि सगळ्या मशीनच्या बिन फोल्डरात तीच एक ठेवायची. ती बनवणाऱ्या बॅच फाइलमध्ये मुदत सात दिवस लिहिलेली आहे. नोटपॅडमध्ये उघडा, ‘व्हॅलिडिटी’पुढे ७ दिसेल. ३६५ करून ती पुन्हा चालवा, झालं वर्षभराचं. १४,१६० रुपयांचं काम नोटपॅडमध्ये तीन बोटांनी होतं.

आणि ‘ॲक्टिव्हेशन की’! व्हॉट्सॲपवर वेगळी पाठवली, वर लिहिलं ‘कॉन्फिडेन्शियल, डू नॉट शेअर’. की काय होती? ‘चेंजइट’. बदल बाबा, असं तो पासवर्ड स्वतःच ओरडून सांगतोय. जगातल्या प्रत्येक जेमीटरच्या कीस्टोअरचा मूळ पासवर्ड तोच, जावाच्या केसर्ट्सचाही तोच. मी तो वहीत लिहून ठेवला.

इतकं होऊनही कनेक्शन रिफ्यूज्ड जागेवरच. अर्थातच! उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला बांधलेलं असतं. सर्व्हर सुरू झाला की तो कंट्रोलरला सांगतो, मला याच पत्त्यावर भेट. कंट्रोलर त्या पत्त्यावर जातो म्हणजे स्वतःच्याच घरात शिरतो, तिथं कुणी नसतं. एररमध्ये १२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला की पोर्ट, फायरवॉल, लायसन्स यांतलं काहीही हलवू नका. सर्व्हर सुरू करताना ‘जावा डॉट आरएमआय डॉट सर्व्हर डॉट होस्टनेम’ला त्या मशीनचा खरा आयपी द्या. त्यानंतर पोर्टकडे बघायचं. १०९९ हा फक्त ओळख करून देण्याचा पोर्ट, खरं बोलणं दुसऱ्या पोर्टवर होतं आणि तो दर वेळी वेगळा निघतो. ‘सर्व्हर डॉट आरएमआय डॉट लोकलपोर्ट’ला ४००० देऊन तो बांधून टाका आणि फायरवॉलमध्ये दोनच पोर्ट उघडा, तेही फक्त कंट्रोलरच्या आयपीपुरते.

तरी माझ्या मांडणीत ते चाललंच नसतं, कारण निकाल परत द्यायला सर्व्हरला लॅपटॉपपर्यंत यावं लागतं, आणि घरच्या राउटरमागचा लॅपटॉप क्लाउडमधून दिसत नाही. कंट्रोलरही त्याच क्लाउड नेटवर्कात हवा. किंवा आरएमआयचा नाद सोडा : प्रत्येक मशीनवर ‘मायनस एन, मायनस टी’ करून टेस्ट स्वतंत्र चालवा, ‘मायनस एल’ने निकालाची फाइल लिहा आणि नंतर फाइली एकत्र करा. मी सोमवारी शेवटी हेच केलं. खर्च शून्य. (सीएसव्ही डेटा फाइल प्रत्येक मशीनवर हातानं न्यावी लागते, जेमीटर ती पाठवत नाही. आणि १०० थ्रेड, म्हणजे खोटे वापरकर्ते, दोन सर्व्हरवर म्हणजे २००, ही चूक करून दुसऱ्याचा सर्व्हर पाडणारे मी पाहिलेत.)

त्या माणसाचा उपाय वेगळा होता. ‘सर्व्हर व्हाइटलिस्टिंग डिपॉझिट, २०,०००, पूर्ण रिफंडेबल.’ रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. २७,४६० आधीच गेले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून हे गेले. जुगारी असंच खेळतात. पैसे मिळाल्यावर त्यानं एसएसएल बंद केलं, क्लाउडच्या फायरवॉलमध्ये सगळे पोर्ट सगळ्या जगाला उघडले आणि ‘सर्व्हर सिंक व्हायला सहा तास लागतील’ म्हणून गेला. तो गेलाच.

आता व्यवस्थेबद्दल. सकाळी साडेनऊला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. ज्या खात्यात पैसे गेले तिथं ६,३१५ रुपये शिल्लक सापडले, ते गोठवले. बाकीचे रातोरात पुढे गेले होते. रात्री सव्वादोनलाच फोन केला असता तर कदाचित वीस हजार अडकले असते. सकाळची वाट बघू नका.

बँकेतल्या बाईंनी एकच वाक्य चार वेळा ऐकवलं : ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो, टाकला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर म्हणे ते न सांगता गेलेल्या पैशांसाठी, तुम्ही तर सांगून पाठवलेत. कायद्यानं बरोबर असेलही. पण मध्यरात्री दीड तासात एकाच अनोळखी खात्यात तीन मोठ्या रकमा जाताना तुमच्या यंत्रणेला खोकलाही आला नाही? घरच्या पत्त्यात एक स्वल्पविराम कमी पडला तर हीच बँक केवायसी अडवते. लेखी तक्रार दिली, पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, म्हणून पोच सोडू नका.

आणि पोलीस ठाणं. हवालदारांनी अर्ज वाचला, वर पाहिलं आणि विचारलं, ‘मॅडम, हा मीटर बसवला कुठं होता?’ मी जेमीटर समजावला. ‘म्हणजे लाइटचा नाही.’ नाही. ‘मग सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, हद्दीतल्या ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ हद्दीचं कारण चालू देत नाही, हे मी सांगितल्यावर ‘वकील आहात का?’. सगळ्या चॅटच्या प्रिंट तीन प्रतींत आणायला लावल्या, ९६ पानं, झेरॉक्सचे २८८ रुपये. ते मी बेरजेत धरलेले नाहीत. फसवणारा सात मिनिटांत हजर झाला होता, ठाण्यात नुसता शिक्का मिळायला तीन दिवस गेले. गोठवलेले ६,३१५ मिळवायला आता कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाची फी ७,०००.

एनीडेस्कबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. अशा सत्रात समोरचा फक्त एरर बघत नाही, डेस्कटॉपवरची प्रत्येक फाइल बघतो. माझ्या डेस्कटॉपवर क्लाउडची किल्ली होती, सकाळी ती रद्द केली.

त्याच्याकडून कुणी सेटअप करून घेतला असेल तर आज रात्रीच बघा : फायरवॉलमध्ये ०.०.०.०/०, म्हणजे सगळ्या जगाला, कुठं उघडं आहे का, जेमीटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सर्व्हर डॉट आरएमआय डॉट एसएसएल डॉट डिसेबल’पुढे ‘ट्रू’ आहे का, ईएक्सटी फोल्डरात तुम्ही न टाकलेली जार आहे का. असेल तर दुरुस्त करत बसू नका, दोन्ही मशीन मोडून नवी घ्या. लॅपटॉपवरचं एनीडेस्क काढा आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

त्याचा नंबर बंद आहे. परवा त्याच ग्रुपात दुसऱ्या नावानं मजकूर पडला : ‘जेमीटर, सेलेनियम, ॲपियम, कोणताही एरर एका तासात. डायग्नोसिस फक्त ९९९.’ भाव उतरलाय. मी अॅडमिनला कळवलं, त्यांनी अंगठा दाखवला. मजकूर अजून तिथंच आहे.