एस्टीमनंतर अर्टिगा सीएनजी: गाडी चांगली, पण एका भरण्यात किती किलो?

शोरूममध्ये २६.११ किलोमीटर प्रति किलो हा आकडा दहा वेळा ऐकवतात. एका भरण्यात गॅस जातो किती, हे विचारलं की सेल्समन सनरूफवाल्या दुसऱ्या गाडीकडे वळतो. मारुतीची जुनी सेदान एस्टीम सोडून मारुतीचीच सात आसनी सीएनजी अर्टिगा वापरायला लागलं की घोडं अडतं ते नेमकं इथेच.

सिलिंडर ६० लिटरचा, पण ते माप त्यात मावणाऱ्या पाण्याचं. २०० बार दाबाला त्यात साधारण ९ किलो गॅस बसावा. पंपावरच्या मीटरवर दिसतात कधी साडेआठ, कधी सात, आणि मे महिन्यातल्या दुपारी सहा-सव्वासहा. सात किलो गॅस आणि हायवेचं २३चं अ‍ॅव्हरेज धरलं तर १६० किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशेच्या पुढे आहे. म्हणजे वाटेत पुन्हा रांग, पुन्हा सगळ्यांनी खाली उतरा, झोपलेलं पोर खांद्यावर घ्या.

सुरुवातीला संशय गाडीवरच जातो. गळती असेल, काटा चुकत असेल, रेग्युलेटर गेला असेल. दोन वेगळ्या पंपांवर आलटून पालटून भरलं की उत्तर मिळतं. पाइपलाइनवरच्या पंपाला स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, त्यामुळे दाब बऱ्यापैकी टिकतो. जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांच्या जुडग्यातून येतो. ट्रक नुकताच लागला असेल तर टाकी भरते. संपत आला असेल तर १४०-१५० बारला नोझल थंड पडतं आणि पंपावरचा पोरगा म्हणतो, ‘झाली फुल.’ त्यामुळे रांगेत घुसण्याआधी काच खाली करून ‘प्रेशर किती?’ एवढं विचारायचं. १८०च्या खाली सांगितलं आणि सोय असेल तर पुढचा पंप गाठायचा.

उष्णतेचाही भाग आहेच. गॅस वेगाने भरला की सिलिंडरच्या आत दबून तापतो, तापलेला गॅस लवकर दाब दाखवतो आणि भरणं कमी किलोवर थांबतं. डॅशबोर्डवरचा काटा दाब बघतो, वजन नाही. म्हणून भरल्याबरोबर सगळ्या कांड्या दिसतात आणि तासाभराने गाडी गार झाली की एक गायब होते. कुणी चोरलेली नसते. पहाटे किंवा रात्री उशिरा भरलं तर अर्धा-पाऊण किलो जास्त जातो, आणि रांगही लहान असते.

गॅस भरायचं झाकण नीट लागलं नाही तर गाडी स्टार्टच होत नाही. तिथे सुरक्षेचा स्विच आहे. बॅटरी गेली म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी खाली उतरून झाकण दाबून बघा.

आता चालवण्याबद्दल, कारण एस्टीमवाल्यांचा खरा प्रश्न तोच असतो. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) एस्टीमला १३०० सीसीतून ८५ पीएस ताकद मिळायची आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. अर्टिगाला सीएनजीवर ८८ पीएस, वजन सव्वा टन, वर सात माणसं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की एस्टीम जशी उडायची, ते विसरायचं. सीएनजीवर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, १२१.५ एनएम, तोही ४२०० आरपीएमला. खंबाटकीच्या चढावर भरल्या गाडीत मागचा ब्लोअर चालू ठेवून तिसऱ्यात रेटत राहिलात तर इंजिन नुसतं कण्हतं. वळणाआधीच दुसरा टाका, आरपीएम तीन हजारांवर ठेवा. नाहीतर घाट लागण्याआधी बटण दाबून पेट्रोलवर घ्या, तिथे १३६.८ एनएम आहेत. चालत्या गाडीत बदलता येतं. घाटाला लागणाऱ्या अर्धा-एक लिटर पेट्रोलसाठी क्लच जाळण्यात काटकसर नाही.

पेट्रोलच्या टाकीकडे दुर्लक्ष करू नका. गाडी पेट्रोलवरच स्टार्ट होते आणि मग गॅसवर जाते. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो, त्यामुळे किमान दहा लिटर कायम हवं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून ठेवू नये, पाणी धरतं. आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवलेलं बरं.

गॅसवर चढाला झटके आणि पेट्रोलवर सगळं सुरळीत, असं झालं तर आधी स्पार्क प्लग बघा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते. प्लग झिजून गॅप वाढला की पहिली बोंब लोडवर होते. दुसरा संशयित गॅसचा फिल्टर, कारण पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येऊन त्यात साचतं. एअर फिल्टर तर दर सर्व्हिसला झटकून घ्याच. मला सर्व्हिस सेंटरने याच तक्रारीवर इंजेक्टर क्लीनिंग आणि किट ट्यूनिंगचं एस्टिमेट पुढे केलं होतं. चार प्लग बदलले, झटके गेले. बिल फाडण्याआधी प्लग काढून दाखवायला सांगा.

जागेबद्दल थोडक्यात. तिसरी रांग उघडी असताना सिलिंडरपुढे दोन मऊ बॅगा, बस्स. रांग ५०:५० दुमडते, तेव्हा पाच माणसं आणि सामान ही हिची खरी क्षमता. कडक सुटकेस घेऊ नका. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आहे, पावसाळ्यात चिखलाने माखते आणि हवा तपासायचं कुणालाच आठवत नाही. टायरवाल्याकडे गेलात की पाचव्या चाकाचं नाव घ्या.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी, दर तीन वर्षांनी. मुदत गाडी हातात आल्यापासून मोजत नाहीत, सिलिंडरवर कोरलेल्या चाचणीच्या तारखेपासून मोजतात. गाडी यार्डात पडून राहिली असेल तर तेवढे महिने तुमचे गेले, म्हणून डिलिव्हरी घेतानाच प्लेट वाचा. मुदत संपली की पंपावर गॅस मिळत नाही. पेसोची (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेची) मान्यता असलेल्या केंद्रातच चाचणी करा. सिलिंडर उतरवून त्यात पाणी भरतात, कामाच्या दाबाच्या सुमारे पावणेदोन पट दाब देतात आणि तो किती फुगून परत बसतो ते मोजतात. उरलेला गॅस आधी हवेत सोडून देतात, तेव्हा काटा तळाला टेकवूनच गाडी न्या. परत बसवताना व्हॉल्व्हचं ओ-रिंग नवं घ्या, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे तुमच्यासमोर बघायला लावा, आणि नव्या तारखेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पंपावरचा पोरगा तोच मागतो.